विश्लेषण : बोर्डावर बोर्ड रचून संगणक कसा वाढवतात? एका चुकीच्या जंपरने सगळी यंत्रणा का बंद पडते?

रेल्वेचे डबे, लष्करी वाहने, तेलविहिरी, खाणी, समुद्राखाली फिरणारी मानवरहित याने अशा ठिकाणी काम करणारे संगणक टेबलावरच्या संगणकासारखे दिसत नाहीत. त्यात मोठा मदरबोर्ड नसतो, त्यात उभी खोचलेली कार्डेही नसतात. तळहाताएवढे बोर्ड एकावर एक रचून त्यांची चळत केलेली असते. सर्वांत महत्त्वाचा बोर्ड प्रोसेसरचा. त्यावर कुणी सीरियल पोर्टचा, कुणी सेन्सरची मापे घेणारा, कुणी वीजपुरवठ्याचा बोर्ड चढवते. नवे काम आले की नवा बोर्ड वर बसवायचा, एवढी ही सोय सरळ आहे. मात्र चळतीतले सगळे बोर्ड एकाच तारांच्या जुडग्यावर जगतात. त्यामुळे एका बोर्डाची चूक बाकीच्यांनाही भोवते. बोर्ड बसवण्याचे काम म्हणूनच हाताने दाबण्याआधी कागदावर सुरू होते. ते कसे करतात आणि कुठे चुकते, याचा आढावा.

पीसी/१०४ म्हणजे काय?

रचून वाढवायच्या बोर्डांचे सर्वांत जुने आणि आजही वापरात असलेले प्रमाण म्हणजे ‘पीसी/१०४’. आयबीएमने १९८१ मध्ये आपला पीसी बाजारात आणला. त्यात जादा कार्डे बसवण्यासाठी स्लॉट होते. या जोडणीला पुढे ‘आयएसए बस’ हे नाव रूढ झाले. कारखान्यात किंवा वाहनात हा प्रकार अडचणीचा ठरला. उभे कार्ड एका कडेने स्लॉटमध्ये अडकलेले आणि दुसरीकडे एका स्क्रूने धरलेले असते. सततच्या हादऱ्यांनी ते सैल होते. शिवाय मदरबोर्ड आणि त्यावरची उभी कार्डे यांना जागाही खूप लागते.

कॅलिफोर्नियातील ‘अँप्रो’ या कंपनीने १९८० च्या दशकात यावर वेगळा तोडगा काढला. कंपनीचे सहसंस्थापक रिक लेहरबॉम यांचे नाव या कल्पनेशी जोडले जाते. कार्ड उभे न करता आडवे ठेवायचे आणि एकाच्या डोक्यावर दुसरे बसवायचे, अशी ही मांडणी होती. १९९२ मध्ये बारा कंपन्यांनी एकत्र येऊन पीसी/१०४ कन्सोर्टियम स्थापन केले आणि एका कंपनीची रचना सर्वांसाठी खुले प्रमाण बनली. एका उत्पादकाच्या प्रोसेसर बोर्डावर दुसऱ्याचा बोर्ड बसू लागला.

‘१०४’ हा आकडा कुठून आला?

हा पिनांचा आकडा आहे. पीसीच्या १६-बिट स्लॉटवर ६२ आणि ३६ असे मिळून ९८ संपर्कबिंदू होते. पीसी/१०४ मध्ये तेच सिग्नल ६४ आणि ४० पिनांच्या दोन कनेक्टरवर आणले गेले, म्हणून एकूण १०४. बोर्डाचा आकार साधारण ९० बाय ९६ मिलिमीटर आहे. कनेक्टरची वरची बाजू सॉकेटची आणि खालची बाजू पिनांची असते. बोर्डाच्या पिना खालच्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये शिरतात आणि त्याचे स्वतःचे सॉकेट वरच्या बोर्डासाठी मोकळे राहते. सिग्नल असा तळापासून माथ्यापर्यंत सरळ जातो.

मूळ पीसीच्या स्लॉटवर सिग्नल ढकलण्यासाठी साधारण २४ मिलिअँपिअर प्रवाहाची ताकद लागे. चळत लहान, तारांचे अंतर कमी. त्यामुळे पीसी/१०४ मध्ये बहुतेक सिग्नलसाठी ही गरज ४ मिलिअँपिअरवर आणली गेली. त्यामुळे एका बोर्डाची वीज बहुधा १ ते २ वॉटमध्ये भागते. बंद पेटीत, पंख्याशिवाय संगणक चालवायचा असेल तर ही बचत निर्णायक ठरते.

बोर्ड बसवण्याआधी काय ठरवावे लागते?

आजच्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला की संगणक स्वतःच त्याला ओळखतो. आयएसएच्या काळातील जोडणीत ही सोय नव्हती आणि पीसी/१०४ ने तीच जोडणी स्वीकारली. प्रत्येक बोर्डाला दोन गोष्टी माणसाने नेमून द्याव्या लागतात. पहिली गोष्ट पत्ता, म्हणजे प्रोसेसरने त्या बोर्डाशी कोणत्या क्रमांकावर बोलायचे ते. दुसरी इंटरप्ट, म्हणजे ‘माझ्याकडे लक्ष द्या’ असे बोर्डाने प्रोसेसरला कोणत्या तारेवरून सांगायचे ते. दोन्ही गोष्टी बोर्डावरचे जंपर किंवा छोटे स्विच हलवून ठरतात.

एक नेहमीचे उदाहरण सीरियल पोर्टचे. पीसीच्या रूढ पद्धतीत पहिल्या सीरियल पोर्टचा पत्ता हेक्साडेसिमल ३एफ८ आणि इंटरप्ट ४ असतो. दुसऱ्याचा पत्ता २एफ८ आणि इंटरप्ट ३. बहुतेक प्रोसेसर बोर्डांवर हे दोन पोर्ट आधीच असतात. त्यावर सीरियल पोर्टचा जादा बोर्ड जंपर न बदलता चढवला आणि तोही ३एफ८ वरच बसला, तर प्रोसेसरच्या एका हाकेला दोघे उत्तर देतात. दोन्ही उत्तरे त्याच तारांवर आदळतात आणि वाचलेली माहिती निरर्थक होते. बोर्ड खराब नसतो, प्रोग्रॅमही बरोबर असतो, तरी काम होत नाही.

पत्त्यांमध्ये आणखी एक सापळा आहे. बोर्ड एक पत्ता घेत नाही, सलग काही पत्ते घेतो. हेक्साडेसिमल ३०० वर ठेवलेल्या बोर्डाला सोळा पत्ते लागत असतील, तर तो ३०० ते ३०एफ एवढी जागा व्यापतो. दुसरा बोर्ड ३०८ वर ठेवला तर आकडे वेगळे दिसूनही टक्कर होते. इंटरप्टची चणचण तर त्याहून मोठी. १६-बिट पीसीत वापरता येणारे इंटरप्ट पंधराच. त्यातले टायमर, कीबोर्ड, घड्याळ, डिस्क यांनी आधीच घेतलेले. आयएसए जोडणीत एक इंटरप्ट दोघांत वाटून घेणे सहसा जमत नाही.

म्हणून जाणकार तंत्रज्ञ आधी तक्ता करतात. बोर्डाचे नाव, सुरुवातीचा आणि शेवटचा पत्ता, इंटरप्ट आणि लागणारी वीज अशा चार रकान्यांत चळतीतल्या प्रत्येक बोर्डाची नोंद होते. टक्कर कागदावर दिसली तर ती एक जंपर हलवून सुटते. नंतर दिसली तर सगळी चळत सोडवावी लागते.

बोर्डांचा क्रम बदलला तर काय बिघडते?

साध्या ८-बिट बोर्डांवर ६४ पिनांचा एकच कनेक्टर असू शकतो. असा बोर्ड मध्ये बसवला की ४० पिनांची साखळी तिथेच तुटते आणि त्याच्या वरच्या १६-बिट बोर्डांना अर्धे सिग्नल मिळत नाहीत. म्हणून असा बोर्ड टोकाला ठेवतात. काही बोर्डांच्या पिना खालून पुढे निघतच नाहीत. त्यांची जागाही टोकालाच.

१९९७ मध्ये ‘पीसी/१०४-प्लस’ हे प्रमाण आले. त्यात जुन्या १०४ पिनांसोबत वेगवान पीसीआय जोडणीसाठी १२० पिनांचा आणखी एक कनेक्टर आहे. इथे क्रमाचा नियम अधिक कडक आहे. पीसीआय वापरणारे बोर्ड प्रोसेसरला लागून आणि जुन्या पद्धतीचे बोर्ड त्यांच्या पलीकडे. मध्ये जुना बोर्ड आला तर त्याच्यावर १२० पिनांचा कनेक्टर नसल्याने पुढच्यांची पीसीआय साखळी तुटते.

असे जास्तीत जास्त चार बोर्ड एका प्रोसेसरसोबत चालतात आणि प्रत्येकावरच्या स्विचने त्याचा क्रमांक ठरवावा लागतो. हा क्रमांक कोणताही देऊन चालत नाही. प्रोसेसर बोर्ड चारही जागांसाठी घड्याळाचे वेगळे सिग्नल पाठवतो आणि ते सर्वांना एकाच वेळी पोहोचावेत म्हणून तारांची लांबी मोजून ठेवलेली असते. प्रोसेसरला लागून असलेल्या बोर्डाला पहिला क्रमांक, त्याच्या वरच्याला दुसरा, असेच जावे लागते. दोघांना एकच क्रमांक दिला तर दोघेही गोंधळतात. २००८ च्या ‘पीसीआयई/१०४’ या प्रमाणात ही कटकट कमी झाली. प्रत्येक बोर्ड आपल्या वाट्याची जोडणी घेतो आणि उरलेल्या एक घर सरकवून पुढे देतो. त्यामुळे क्रमांकाचे स्विच लागत नाहीत.

प्रत्यक्ष बसवताना कोणती काळजी घेतात?

सर्वप्रथम वीज पूर्ण तोडतात. फक्त स्विच बंद करून भागत नाही. सीरियल किंवा अन्य केबलमधून दुसऱ्या यंत्राची वीज उलटी येऊ शकते, म्हणून त्या केबलही काढतात. त्यानंतर मनगटाला अर्थिंगचा पट्टा. माणसाला स्थिर विजेचा झटका जाणवतो तो साधारण तीन हजार व्होल्टच्या आसपास. काही चिप त्याच्या कितीतरी कमी व्होल्टला दुखावतात. म्हणजे हाताला काहीच जाणवले नाही तरी बोर्डाचे नुकसान झालेले असू शकते. अशी चिप लगेच मरते असेही नाही, ती काही महिन्यांनी दगा देते.

मग चार कोपऱ्यांत स्पेसर. पीसी/१०४ मध्ये दोन बोर्डांतले अंतर १५.२४ मिलिमीटर ठरलेले आहे. बोर्डाच्या वरच्या बाजूला सुमारे ११ मिलिमीटरपर्यंत आणि खाली सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंत उंचीचे भाग बसवायला मुभा आहे. बोर्डाची जाडी साधारण दीड मिलिमीटर. हे सगळे मिळून अंतर जेमतेम पुरते. स्पेसर थोडा आखूड असला तर वरच्या बोर्डाच्या खालच्या बाजूला आलेली सोल्डरिंगची टोके खालच्या बोर्डाच्या भागांना टेकतात. थोडा लांब असला तर पिना सॉकेटमध्ये पूर्ण उतरत नाहीत. हाताशी मिळालेला ‘जवळपास त्याच मापाचा’ स्पेसर म्हणूनच महागात पडतो.

पिनांतले अंतर २.५४ मिलिमीटर आहे. एक रांग सरकून बोर्ड बसला तर वीजपुरवठ्याची पिन सिग्नलच्या सॉकेटमध्ये जाऊ शकते. हे टाळण्यासाठी पीसी/१०४ मध्ये बी-१० आणि सी-१९ या दोन जागा खुणेच्या ठेवल्या आहेत. तिथली पिन काढलेली आणि सॉकेटचे भोक बुजवलेले असते. बोर्ड उलटा किंवा सरकून बसू लागला की तिथे अडतो. अडले तर जोर लावायचा नाही, उचलून पुन्हा पाहायचे.

दाबताना जोर कनेक्टरच्या जवळ, दोन्ही टोकांवर सारखा द्यावा लागतो. बोर्डाच्या मधोमध दाबले तर तो वाकतो आणि सोल्डरिंगला बारीक तडे जाऊ शकतात. काढताना चुका अधिक होतात. एक बाजू उचलून ओढली की दुसऱ्या बाजूच्या पिना वाकतात. त्यामुळे दोन्ही टोके आळीपाळीने थोडी थोडी सैल करत बोर्ड सरळ वर उचलतात. स्क्रू शेवटी आणि तेही कर्णाच्या क्रमाने, थोडे थोडे आवळतात.

वीज आणि उष्णतेचा हिशेब कसा करतात?

समजा, प्रोसेसर बोर्डाला १० वॉट आणि वरच्या चार बोर्डांना प्रत्येकी २ वॉट लागतात. एकूण १८ वॉट. ५ व्होल्टवर ३.६ अँपिअर. आता पीसी/१०४ च्या १०४ पिनांपैकी ५ व्होल्टच्या पिना फक्त तीन आहेत. वीज थेट प्रोसेसर बोर्डाला दिली तर चळतीच्या पिनांतून वरच्या चार बोर्डांचे १.६ अँपिअरच वर जातात. पण वीजपुरवठ्याचा बोर्ड अगदी माथ्यावर ठेवला, तर त्याच्या खालच्या पहिल्याच सांध्यातून सगळे ३.६ अँपिअर जातील, म्हणजे प्रत्येक पिनेवर १.२ अँपिअर. पिना तापतील आणि खाली पोहोचेपर्यंत व्होल्ट घसरेल. प्रोसेसर मग अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होऊ लागतो आणि दोष सॉफ्टवेअरवर ढकलला जातो. जास्त वीज खाणारा बोर्ड वीजपुरवठ्याजवळ ठेवणे, हा यावरचा साधा उपाय.

उष्णतेचेही तेच. दीड सेंटिमीटरच्या फटीत हवा फारशी फिरत नाही. तापणाऱ्या दोन बोर्डांना शेजारी ठेवले तर एकमेकांची उष्णता दोघेही सोसतात. औद्योगिक दर्जाचे भाग उणे ४० ते ८५ अंश सेल्सिअसपर्यंत चालतील असे बनवलेले असतात. पण हे तापमान पेटीच्या आतले धरायचे, बाहेरच्या हवेचे नाही. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत हा फरक मोठा असतो. त्यामुळे सर्वाधिक तापणारा बोर्ड टोकाला ठेवून त्याची उष्णता धातूच्या पेटीच्या भिंतीत उतरवण्याची पद्धत आहे.

कनेक्टर बसला म्हणजे बोर्ड जुळला का?

याचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि त्याचे ठळक उदाहरण अंतराळातले. १९९९ मध्ये अमेरिकेत बॉब ट्विग्ज आणि जॉर्डी पुइग-सुआरी या प्राध्यापकांनी ‘क्यूबसॅट’ ही दहा सेंटिमीटर घनाकार उपग्रहाची कल्पना मांडली. विद्यार्थ्यांनाही उपग्रह बांधता यावा, हा त्यामागचा हेतू. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, सुमारे एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ हा याच आकाराच्या गटातला. २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने श्रीहरिकोटाहून तो इतर १९ उपग्रहांसह सोडला.

दहा सेंटिमीटरच्या घनात ९० बाय ९६ मिलिमीटरचा पीसी/१०४ बोर्ड नेमका मावतो. म्हणून अमेरिकेतील ‘पम्पकिन’ कंपनीच्या क्यूबसॅट किटने हाच आकार घेतला आणि १०४ पिनांचा कनेक्टरही ठेवला. मात्र पिनांची वाटणी पूर्णपणे बदलली. तिथे ५२ पिनांचे दोन भाग आहेत आणि कोणत्या पिनेवर काय, याचा आयएसएशी संबंध नाही. पुढे अनेक उत्पादकांनी ही मांडणी उचलली, काहींनी आपल्या सोयीने थोडी फिरवली. माप सारखे, भोके सारखी, पिनांची संख्याही सारखी. तरी एका मांडणीचा बोर्ड दुसऱ्यावर चढवला तर बॅटरीची तार भलत्याच सिग्नलला लागू शकते. उपग्रह एकदा सुटला की जंपर बदलायला कुणी जाऊ शकत नाही. म्हणून दोन्ही बोर्डांच्या पिनांचे नकाशे शेजारी ठेवून एकेक पिन ताडून पाहणे, हे काम टाळता येत नाही.

रास्पबेरी पायवरही हीच अडचण येते का?

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा रास्पबेरी पाय याच कुळातला मानायला हरकत नाही. त्यावर ४० पिनांचा कनेक्टर असतो आणि वर चढणाऱ्या बोर्डांना ‘हॅट’ म्हणतात. २०१४ मध्ये हॅटचे प्रमाण जाहीर झाले. हॅटवर एक छोटी मेमरी चिप असते. पाय सुरू होताना २७ आणि २८ या पिनांवरून ती वाचतो आणि बोर्डाची ओळख पटवतो. पण हे प्रमाण एकावेळी एकच हॅट गृहीत धरणारे होते. दोन हॅट चढवले तर दोघांच्या ओळखीच्या चिप एकाच पत्त्यावर येतात. २०२३ च्या ‘हॅट प्लस’ प्रमाणात रचता येणाऱ्या बोर्डांसाठी वेगळ्या पत्त्यांची सोय केली गेली.

पायवर नेहमी होणारी टक्कर आय-टू-सी या दोन तारांच्या जोडणीवर असते. डीएस३२३१ ही घड्याळाची चिप आणि एमपीयू-६०५० हा हालचाल मोजणारा सेन्सर, दोन्ही प्रोजेक्टमध्ये हमखास वापरले जातात आणि दोन्हींचा मूळ पत्ता हेक्साडेसिमल ६८ आहे. दोन्ही एकत्र जोडले की वेळ चुकते किंवा सेन्सर भलतेच आकडे देतो. सेन्सरची एडी-० ही पिन ३.३ व्होल्टला जोडली की त्याचा पत्ता ६९ होतो आणि प्रश्न मिटतो. आय-टू-सी-डिटेक्ट ही कमांड चालवली तर कोणत्या पत्त्यांवर उत्तर मिळते, हे काही क्षणांत दिसते. आणखी एक खबरदारी महत्त्वाची. पायच्या सिग्नल पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. ५ व्होल्टचा सिग्नल देणारा बोर्ड थेट जोडला तर पाय कायमचा निकामी होऊ शकतो.

सगळे बसवूनही यंत्र सुरू झाले नाही तर?

अशा वेळी चळत पुन्हा प्रोसेसर बोर्डापर्यंत उतरवतात. तो एकटा सुरू होतो का, हे आधी पाहायचे. मग एकेक बोर्ड चढवून दरवेळी यंत्र चालू करायचे आणि ५ व्होल्ट खरोखर ५ आहे का, हे मल्टिमीटरने सर्वांत वरच्या बोर्डावर मोजायचे. ज्या बोर्डानंतर गडबड सुरू झाली, तोच दोषी असेल असे मात्र नाही. त्याची आधीच्या एखाद्याशी टक्कर असू शकते. म्हणून संशयित बोर्ड एकटाच प्रोसेसरवर बसवून पाहतात. एकटा चालला, तर दोष पत्त्याचा, इंटरप्टचा किंवा विजेचा. एकटाही चालला नाही, तर बोर्डाचा. चारही बोर्ड एकदम चढवून पहिल्यांदा वीज देणाऱ्याला ही निवड करता येत नाही.

इतका खटाटोप कशासाठी?

टेबलावरच्या संगणकांतून आयएसए स्लॉट २००० च्या आसपास नाहीसे झाले. सिग्नल यंत्रणा, खाणीतली मापन यंत्रे किंवा जहाजावरची उपकरणे मात्र दहा-पंधरा वर्षे चालवायची असतात. तेवढ्या काळात प्रोसेसर जुना होतो, एखादा बोर्ड जळतो, एखाद्याचे उत्पादन बंद होते. बोर्ड रचलेले असल्यामुळे तेवढाच बदलता येतो आणि बाकीची यंत्रणा, तिची पेटी, तिची चाचणी झालेले सॉफ्टवेअर तसेच राहते. पूर्ण यंत्र फेकून नवे घेण्याच्या तुलनेत हा खर्च कितीतरी कमी असतो.

अट एवढीच की, दहा वर्षांनी झाकण उघडणाऱ्या तंत्रज्ञाला आत काय आहे ते कळले पाहिजे. मूळ बसवणारा तोवर नोकरी बदलून गेलेला असतो. जंपर कुठे का ठेवले, कोणता बोर्ड कोणता इंटरप्ट वापरतो, क्रम असाच का, हे बोर्डाकडे पाहून उमगत नाही. बसवण्याआधी केलेला चार रकान्यांचा तो तक्ता, जंपरचे स्पष्ट दिसतील असे फोटो आणि तारीख एवढे झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवायला पाच मिनिटे लागतात. ते केलेले नसेल, तर पुढच्या माणसाला चालू यंत्रणा बंद ठेवून सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो.